मौलाना हसरत मोहानी : बहिष्काराचा भार आधी स्वतःच्या खांद्यावर

गेल्या काही महिन्यांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मशिदींमध्ये जुमाच्या नमाजनंतर तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात. ज्या राष्ट्राशी आपल्या देशाचे वैर आहे त्याचा माल विकत घ्यावा काय? त्याच्या संघाशी होणारा सामना पाहावा काय? प्रश्नामागची वेदना खरी आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. त्यानंतर मे महिन्यात केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर बंदी घातली. पुण्याच्या फळबाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घेणे थांबवले. १४ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाचा सामना झाला, तेव्हा तो खेळावा की नाही, पाहावा की नाही, यावर घराघरांत वाद झाले. दुसरीकडे गाझातील मुलांच्या हालअपेष्टा पाहून काही विदेशी कंपन्यांची शीतपेये आपल्याच दुकानांतून उचलली गेली, ती वेगळ्या कारणाने. पण प्रश्न तोच.

अशा प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर दिले तर ते विचारणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ज्याने हा मार्ग आयुष्यभर चालून पाहिला, त्याची किंमत मोजली, त्याच्या यशापयशाचे साक्षीदार ज्याला व्हावे लागले, अशा एखाद्या माणसाचे जीवन पुढे ठेवले तर विचाराला दिशा मिळते. म्हणून या अंकात मौलाना हसरत मोहानी (रह.) यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. उर्दू गझलेचे रसिक त्यांना कवी म्हणून ओळखतात आणि इन्किलाब झिंदाबाद ही घोषणा देशाला देणारा नेता म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. परंतु ते एक दुकानदारही होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि आजच्या प्रश्नाचा धागा त्या दुकानातच सापडतो.

मौलानांचे मूळ नाव सय्यद फजलुल हसन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात, संयुक्त प्रांतातील उन्नाव जिल्ह्याच्या मोहान या कसब्यात एका सय्यद घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज इराणातील निशापूरहून आले होते. गावाच्या नावावरून ते मोहानी झाले आणि हसरत हे त्यांनी काव्यासाठी घेतलेले नाव. घरी धार्मिक शिक्षण, फतेहपूर येथे शालेय शिक्षण आणि पुढे अलीगढचे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. १९०३ मध्ये ते बी. ए. झाले.

त्या काळच्या अलीगढमधून पदवी घेणाऱ्या मुसलमान तरुणापुढे सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असे. तहसीलदारी, मुन्सफी, पुढे एखादा किताब. हसरत यांनी तिकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी त्यांनी उर्दू-ए-मुअल्ला नावाचे मासिक काढले. त्यात जुन्या विस्मृत शायरांचे काव्य छापले जाई आणि राजकारणावर निर्भीड लेखही येत. मुसलमानांनी इंग्रज सरकारशी जुळवून घ्यावे, काँग्रेसपासून दूर राहावे, असे अलीगढचे वडीलधारे सांगत असता हा तरुण उघडपणे काँग्रेसमध्ये गेला. आणि काँग्रेसमध्येही जहाल गटात, लोकमान्य टिळकांच्या मागे उभा राहिला. पुण्याच्या एका ब्राह्मण संपादकाला अलीगढच्या एका मौलवी संपादकाने आपला राजकीय गुरू मानावे, ही घटना आज सांगितली तर काहींना नवल वाटेल. पण हसरत यांनी ते नाते शेवटपर्यंत जपले आणि १९२० मध्ये टिळकांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या शोकात काव्यरचना केली.

१९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. टिळकांनी तो विचार महाराष्ट्रात आणला, आणि त्याच वर्षी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. आपल्या खानदेशातील अमळनेरची प्रताप मिल याच स्वदेशीच्या काळात उभी राहिली. हसरत यांनी स्वदेशीचा हा विचार उत्तरेतील मुसलमानांमध्ये नेला. त्यांच्या अंगावर विलायती सूत उरले नाही.

परंतु या चळवळीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पूर्व बंगालात जमीनदार आणि त्यांच्या माणसांनी अनेक ठिकाणी बहिष्कार जबरदस्तीने लादला. मँचेस्टरचे कापड स्वस्त होते, देशी कापड महाग. गरीब मुसलमान शेतकऱ्याला आणि बाजारात फिरून कापड विकणाऱ्याला ते परवडत नव्हते. त्यांचा माल हिसकावून जाळला गेला, तेव्हा देशप्रेमाची भाषा त्यांना जुलमाची भाषा वाटू लागली आणि १९०७ मध्ये तेथे दंगली झाल्या. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्यावर त्याग लादला की त्यागाचे पुण्य उरत नाही, उलट माणसामाणसांत वैर मात्र निर्माण होते.

१९०७ च्या डिसेंबरात सुरत येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तापी खोऱ्याच्या रेल्वेने आपल्या नंदुरबार-अमळनेरशी जोडलेल्या त्या शहरात मवाळ आणि जहाल यांची फाटाफूट झाली. हसरत टिळकांबरोबर बाहेर पडले. पुढच्या वर्षी दोघांवरही सरकारची कुऱ्हाड कोसळली. उर्दू-ए-मुअल्लात मिसरमधील इंग्रजी धोरणावर टीका करणारा एक लेख लेखकाच्या नावाशिवाय छापला गेला होता. लेखकाचे नाव सांगितले असते तर संपादकाची शिक्षा टळली असती किंवा सौम्य झाली असती. हसरत यांनी नाव सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली. दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड अशी शिक्षा झाली. अपिलात तुरुंगवास कमी झाला, तरी सुमारे एक वर्ष त्यांना कैदेत काढावे लागले. दंड वसूल करण्यासाठी त्यांनी जिवापाड जमवलेली दुर्मीळ पुस्तके आणि हस्तलिखिते कवडीमोलाने विकली गेली.

तुरुंगात त्यांना दररोज जात्यावर मणभर धान्य दळावे लागे. रमजानचा महिनाही त्यांनी तेथेच काढला. दळण चालू असे आणि मनात गझल आकार घेत असे. बाहेर पत्नी निशातुन्निसा बेगम आजारी मुलीला घेऊन एकट्या होत्या. त्यांनी पतीला परत येण्याची विनवणी केली नाही. संकट धैर्याने सोसा, घराची चिंता करू नका, असेच कळवले. इतिहासात नवऱ्याचे नाव मोठे झाले, पण त्या नावाचा अर्धा भार या विदुषीने वाहिला, हे आपल्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे.

सुटकेनंतर हसरत यांनी मासिक पुन्हा सुरू केले. १९१३ मध्ये सरकारने छापखान्याकडे तीन हजार रुपयांचा जामीन मागितला. एवढी रक्कम त्यांच्याकडे कोठून असणार? छापखाना बंद झाला. तेव्हा या पदवीधर कवीने अलीगढमध्ये स्वदेशी मालाचे दुकान थाटले. स्वतः गज हातात घेऊन कापड मोजून देऊ लागले. दुकानाच्या उभारणीत मौलाना शिबली नोमानी यांनी त्यांना साहाय्य केले. आधी शायर, मग राजकारणी आणि आता वाणी, अशी या माणसाची रूपे पाहून शिबलींनाही मौज वाटली होती.

हे दुकान म्हणजे मौलानांच्या विचाराचा खरा पाया होता. विलायती कापड घेऊ नका, असे सांगून ते घरी गेले नाहीत. मग काय घ्यावे, ते कोठे मिळेल, गरिबाला परवडेल का, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी शोधली. निशातुन्निसा बेगमही या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पुढे ते कानपूरला गेले आणि तेथेही खिलाफत स्वदेशी भांडार चालवले. त्यांच्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. थंडीच्या दिवसांत ते एका मित्राकडे मुक्कामाला होते. रात्री यजमानांनी त्यांच्या अंगावर जे पांघरूण घातले ते विदेशी होते. मौलानांनी ते बाजूला सारले आणि कुडकुडत रात्र काढली; यजमानांना त्यांनी दोष दिला नाही, उपदेशही केला नाही.

पहिल्या महायुद्धात त्यांना पुन्हा स्थानबद्ध आणि नंतर कैद करण्यात आले. युद्ध संपले तेव्हा तुर्कस्तानचे तुकडे होण्याचा धोका दिसू लागला आणि खिलाफतीच्या प्रश्नाने भारतातील मुसलमान अस्वस्थ झाले. २४ नोव्हेंबर १९१९ रोजी दिल्लीत खिलाफत परिषदेच्या व्यासपीठावर आजच्या आपल्या प्रश्नावरचा एक मोठा वाद झाला. एका बाजूला हसरत मोहानी, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी.

हसरत यांचे म्हणणे असे की, स्वदेशी चांगलीच आहे; पण सारे कापड देशात तयार होईपर्यंत किती काळ थांबायचे? मुसलमानांच्या काळजाला आज जखम झाली आहे, आणि इंग्रजांना ताबडतोब जाणवेल असे काही हाती हवे. म्हणून ब्रिटिश मालावर बहिष्कार घालावा. गांधीजींनी दोन कारणांनी विरोध केला. बहिष्कारामागे शासन करण्याची, सूड घेण्याची भावना आहे, ही त्यांची पहिली हरकत. दुसरी हरकत व्यवहाराची होती. ठराव करणाऱ्यांच्याच अंगावर ब्रिटिश कापड आहे; जो ठराव पाळता येणार नाही तो करून आपण आपलेच हसे करून घेऊ. मालाशी असहकार करण्याऐवजी सरकारशी असहकार करावा, ही कल्पना गांधीजींनी याच सभेत मांडली. त्या कल्पनेला नेमका उर्दू शब्द त्यांना तेथे सापडला नाही, आणि त्यांनी इंग्रजी शब्द वापरला, जो पुढे साऱ्या देशात गाजला.

या वादात कोण बरोबर होते? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोघांच्याही म्हणण्यात एकेक सत्य होते. अन्यायाविरुद्ध सामान्य माणसाच्या हाती काहीतरी असले पाहिजे, नाहीतर त्याचा संताप चुकीच्या वाटेने बाहेर पडतो, हे हसरत यांनी ओळखले. आणि जो नियम आपल्या स्वतःच्या अंगावरच्या कुडत्याला लागू होत नाही तो इतरांसाठी करू नये, हे गांधीजींनी सांगितले. हसरत यांचा कुडता देशी होता, म्हणून त्यांच्या तोंडी तो ठराव शोभून दिसला. पण सभेतील सर्वांची स्थिती तशी नव्हती.

दोन वर्षांत परिस्थिती पालटली. ३१ जुलै १९२१ रोजी, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, मुंबईत परळ येथे उमर सोबानी या मुसलमान गिरणीमालकाच्या आवारात विदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली आणि ती पेटवणारे स्वतः गांधीजी होते. खिलाफतीच्या कार्यकर्त्यांना मात्र वापरण्यायोग्य कपडा जाळणे पटत नव्हते. इस्लामने उधळपट्टी निषिद्ध मानली आहे. तेव्हा टाकलेले विदेशी कपडे जाळण्याऐवजी स्मर्ना प्रांतातील उघड्या पडलेल्या तुर्क निर्वासितांकडे पाठवावेत, असा मार्ग काढण्यात आला. राग आला तरी अन्न आणि वस्त्र यांचा नाश करू नये, हा विवेक त्या गर्दीतही काही लोकांनी जपला.

दुर्दैवाने सर्वांनी तो जपला नाही. एप्रिल १९२१ मध्ये धुळ्याच्या शेजारी मालेगावात, विणकर मोमिनांच्या त्या कष्टाळू नगरीत, खिलाफतीच्या स्वयंसेवकांनी वर्गणी न देणाऱ्यांवर सामाजिक बहिष्कार घातला. वाद वाढला, जमाव बेफाम झाला, एका पोलीस अधिकाऱ्याचा आणि इतरांचा बळी गेला. पुढे मालेगावच्या काही माणसांना येरवड्यात फाशी झाली. त्यांनी परकीय सत्तेविरुद्ध जे सोसले त्याची स्मृती तेथील लोक आदराने जपतात आणि ते योग्यच आहे. पण बहिष्कार शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचला त्या क्षणी चळवळीचे काय झाले, हेही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला. त्याच्या स्वागतावर बहिष्कार होता. जे स्वागताला गेले, ज्यांच्या डोक्यावर विलायती टोपी दिसली, त्या पारशी, ख्रिस्ती आणि यहुदी लोकांवर हिंदू आणि मुसलमानांच्या एकत्र जमावाने हल्ले केले. अनेक दिवस दंगल चालली. पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. हिंदू-मुस्लिम ऐक्याचे ते सर्वांत तेजस्वी वर्ष. आणि त्या ऐक्याने तिसऱ्याच समाजाचे रक्त सांडले. गांधीजींनी उपोषण केले. आपण मुसलमानांनी हा प्रसंग स्मरणात ठेवला पाहिजे, कारण बहिष्काराचा मार आज आपल्याला लागत असला तरी एके काळी तो मारणाऱ्या हातांत आपलेही हात होते.

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला, ठराव फेटाळला गेला. तीच मागणी काँग्रेसने आठ वर्षांनी लाहोरला स्वीकारली. अहमदाबादेतच मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेल्या भाषणाबद्दल १९२२ मध्ये त्यांना अटक झाली, आणि टिळकांच्या महाराष्ट्रात, पुण्याच्या येरवडा तुरुंगात, त्यांनी १९२४ पर्यंत कैद भोगली.

पुढची वर्षे त्यांच्या स्वभावाप्रमाणेच वादळी गेली. १९२५ मध्ये कानपूरच्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष होते आणि त्याच वेळी पाच वेळचे नमाजी, सूफी परंपरेचे अनुयायी होते. अनेकदा हज केली. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. संविधान सभेचे सदस्य झाले, पण तयार झालेल्या संविधानावर स्वाक्षरी केली नाही; ते आपल्या अपेक्षेइतके पूर्ण नाही असे त्यांचे मत होते. त्यांची सर्व मते सर्वांना पटतील असे नाही, आणि त्यांनाही तशी अपेक्षा नव्हती. लीगमध्ये राहूनही देशाची फाळणी झाल्यावर ते पाकिस्तानात गेले नाहीत. ज्या मातीसाठी जाते ओढले त्याच मातीत राहिले. १३ मे १९५१ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले आणि फिरंगी महलच्या उलेमांच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

आता शरीअतच्या प्रकाशात या जीवनाकडे पाहू. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बहिष्कार सोसला होता. मक्केतील कुरैशांनी करार करून बनू हाशिम घराण्याशी खरेदी-विक्री आणि सोयरीक बंद केली. अबू तालिबच्या घळीत सुमारे तीन वर्षे स्त्रिया आणि मुले उपाशी राहिली, झाडाची पाने खाल्ली गेली. तो करार शेवटी मोडला तो मक्केतील काही न्यायप्रिय लोकांनी, जे त्या वेळी मुसलमानही नव्हते. हिशाम बिन अम्र आणि मुतइम बिन अदी ही त्यांतील नावे. जातीच्या दबावापुढे न झुकणारा सज्जन शेजारी प्रत्येक समाजात असतो, हे यावरून दिसते.

पुढे मदिनेत सत्ता आल्यावर बहिष्काराचे तेच शस्त्र मुसलमानांच्या हाती आले. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) कैदी म्हणून मदिनेत आणले गेले होते. तीन दिवस मशिदीच्या खांबाला बांधलेले असता प्रेषितांनी (स.) त्यांच्याशी सौजन्याने वर्तन केले आणि कोणतीही अट न घालता मुक्त केले. त्या औदार्याने ते इस्लाममध्ये आले. उमऱ्यासाठी मक्केला गेले असता कुरैशांनी त्यांना त्रास दिला, तेव्हा त्यांनी जाहीर केले की प्रेषितांच्या (स.) अनुमतीशिवाय यमामातून गव्हाचा एक दाणाही मक्केला जाणार नाही. मक्केचे अन्न यमामावर अवलंबून होते. लोक उपासमारीला आले आणि त्यांनी मदिनेला पत्र पाठवून नात्याची आठवण दिली. ज्यांनी घळीत आपल्या माणसांना उपाशी मारले त्यांना तसेच मारण्याची ती संधी होती. प्रेषितांनी (स.) सुमामांना लिहून कळवले की धान्य जाऊ द्या. शत्रूशी युद्ध संपलेले नव्हते, तरीही सामान्य माणसाच्या भाकरीचा मार्ग मोकळा करण्यात आला.

तसेच प्रेषितांच्या (स.) निधनाच्या वेळी त्यांचे चिलखत एका यहुदी व्यक्तीकडे जवाच्या मोबदल्यात गहाण होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या समाजातील काही टोळ्यांशी युद्धे झाली त्याच समाजातील शेजाऱ्याशी देवघेव चालू राहिली. राष्ट्राचे, टोळीचे वैर त्यातील प्रत्येक माणसाला चिकटवले गेले नाही. दिव्य कुरआनच्या सूरह माइदामध्ये हीच आज्ञा आहे की एखाद्या लोकसमूहाच्या शत्रुत्वामुळे तुम्ही न्यायापासून ढळू नये.

या सर्वांवरून सामान्य श्रद्धावंताने काय घ्यावे?

प्रथम कायद्याची गोष्ट. सरकारने ज्या मालावर बंदी घातली आहे तो आणणे किंवा विकणे हा आता आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. भारतात येणारी खारीक दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात पाकिस्तानातून येत असे. बंदीनंतर दुबईमार्गे, दुसऱ्या देशाचे नाव लावून आणलेली खारीक २०२५ मध्येच न्हावा शेवा बंदरात पकडली गेली. ज्या खारकेने रमजानचा रोजा सोडायचा तिच्या गोणीवर खोटे नाव असेल, तर तो व्यापार कराराचा भंग आणि ग्राहकाची फसवणूक दोन्ही आहे. अशा व्यापारात बरकत शोधू नये.

दुसरी गोष्ट, कायद्याने मोकळ्या असलेल्या मालाची. अन्यायाला आपल्या पैशाने बळ मिळू नये, म्हणून कोणी एखादी वस्तू सोडली तर ती त्याची नियत आहे आणि अल्लाह नियत जाणतो. पण त्याने ती मौलानांप्रमाणे सोडावी. स्वतः थंडी सोसून, यजमानाला दोष न देता. शेजाऱ्याच्या किराणा दुकानात त्याच्या पैशाने भरलेला माल रस्त्यावर ओतणे हा बहिष्कार नाही, तो जुलूम आहे. त्या दुकानदाराने रक्कम आधीच भरली आहे. नुकसान दूरच्या कंपनीचे होत नाही, त्याचे होते. तसेच औषध आणि अन्न यांच्या बाबतीत सुमामा (रजि.) यांचा प्रसंग नेहमी समोर असावा.

तिसरी गोष्ट खेळाची. खेळावर बहिष्कार ही नवी कल्पना नाही. १९३० च्या कायदेभंगाच्या काळात मुंबईची प्रसिद्ध चौरंगी क्रिकेट स्पर्धा १९३३ पर्यंत झालीच नाही. १९९१ मध्ये पाकिस्तानशी सामना होऊ नये म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडण्यात आली. यांतील पहिला मार्ग संयमाचा होता, दुसरा विध्वंसाचा. संघाने खेळावे की नाही हे ठरवणे सरकारचे आणि मंडळाचे काम आहे. पहलगामच्या मृतांची आठवण ठेवून ज्याने दूरदर्शन संच बंद ठेवला त्याच्या भावनेचा आदर करावा. त्याची थट्टा करू नये. ज्याने सामना पाहिला त्यालाही देशद्रोही ठरवू नये. सामन्यातील हार-जीत ही ना ईमानाची कसोटी आहे ना देशप्रेमाची. आपल्या मोहल्ल्यातील मुलांना एवढे मात्र ठणकावून सांगावे की समोरच्या देशाच्या विजयावर फटाके उडवणे किंवा कोणाच्या दुःखावर मीठ चोळणे हे नीच कृत्य आहे, आणि सामन्यावर पैसे लावणे हा जुगार आहे, मग सामना कोणाशीही असो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. परराष्ट्रावरील बहिष्काराची हाक कधी कधी आपल्याच गल्लीतील केळीच्या गाडीवर, शिंप्याच्या दुकानावर येऊन थांबते. अमुक धर्माच्या माणसाकडून घेऊ नका, असे सांगितले जाते. ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांचे दुःख मी जाणतो. त्याला उत्तर म्हणून आपणही तसेच यांच्याकडून घेऊ नका म्हटले, तर १९२१ चा मालेगाव आणि मुंबई आपण पुन्हा घडवू. केळी रावेर-यावलच्या शेतात पिकते, तिच्या बागेत कोण राबला, ट्रक कोणी भरला, गाडीवर कोणी विकली, याचा हिशेब धर्माने मांडता येत नाही. अशा वेळी माप अधिक चोख ठेवावे, भाव अधिक रास्त ठेवावा आणि मुतइम बिन अदीसारख्या सज्जन शेजाऱ्यांशी संबंध घट्ट करावेत. ते आहेत, आणि बहुसंख्य आहेत.

मौलाना हसरत मोहानी यांनी इंग्रजांचा माल आयुष्यभर नाकारला. त्यांचा बहिष्कार त्यांच्या स्वतःच्या पाठीवर, पोटावर आणि घरावर होता. ज्यांना पर्याय नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी दुकान उघडले. आज बहिष्काराची हाक देणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे की आपण कोणासाठी कोणते दुकान उघडले आहे.

अल्लाह आपल्याला अन्यायाचा राग करण्याची शक्ती देवो आणि त्या रागातही न्याय जपण्याची सुबुद्धी देवो. आमीन.